पुण्याचा चितारी

माझ्या हातानं आयुष्यात एकच घर सजलं, आणि त्या घरानं माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. म्हणजे घरानं नाही, मीच मोडलं. पण घरावर ढकललं की जरा बरं वाटतं.

वडील गेल्यावर आई, मी आणि माझी धाकटी बहीण असे तिघं नगरकडनं पिंपरीला आलो. तेव्हा पिंपरी म्हणजे ज्वारीची रानं, रेल्वेचं ठेसन, फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी लोकांची छावणी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध उभा राहत असलेला सरकारी औषधाचा कारखाना. तिथं मी हमाल म्हणून लागलो. शाळेत मी गेलो होतो, नाही असं नाही, पण मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना दोनच दिवस सोसलं. त्यामुळं डोक्यानं करायचं काम मला कधी कुणी दिलं नाही आणि डोक्यावर घ्यायचं कधी कमी पडलं नाही.

राहायला गावठाणात एका शेतकऱ्याची खोली होती, त्याच्या गोठ्याला लागून. मातीच्या भिंती, वर पत्रा, खाली शेणाचं सारवण. भिंतीत एक भोक होतं, त्याला आम्ही खिडकी म्हणायचो. तिथनं बैलाचं तोंड दिसायचं. मी कारखान्यात सांगायचो, "आपला शेजारी लय गुणाचा हाय राव, आजवर एकदा भांडला न्हाई." सगळे हसायचे. मला कुणी हसलं की भूक भागल्यासारखं वाटायचं. ही खोड आईला ठाऊक होती. ती म्हणायची, "मुडद्या, तू मेल्यावर पण लोकं हसत जातील."

मामा म्हणून आईचा एक लांबचा भाऊ चिंचवडला राहायचा. दिवाळीच्या आधी तो एक स्थळ घेऊन आला. मुलगा खडकीकडं कारखान्यात फिटर. आई नाही, घरात बाप आणि विधवा आत्या.

"लोकं साधी हायेत," मामा म्हणाला. "मुलगी आन् नारळ, दुसरं काय नको त्यांना. तुळशीचं लगीन झालं की बघायला येतील."

बहिणीनं मुलाला आधीच बघितलेलं होतं. मामाच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करायला तो आला होता आणि ही तेव्हा मामीला मदत करायला गेली होती. घरी येऊन तिनं आईला एवढंच सांगितलं, की त्याचे हात तेलानं बरबटले होते म्हणून त्यानं तांब्या धरला नाही, मामीला वरनं ओतायला लावलं आणि ओंजळीनं पाणी प्याला. आई म्हणाली, "मग?" ती म्हणाली, "मग काय न्हाई." पण ती गोष्ट तिनं त्या आठवड्यात आईला तीनदा सांगितली. माझ्यासारख्या दगडालासुद्धा कळलं की हिला हा मुलगा पाहिजे आहे.

मी म्हणालो, "असल्या खोलीत पाव्हणं आणायचं? बैलाच्या तोंडासमोर पोरगी दाखवायची?" आणि मी घर सजवायला घेतलं. खिशात काही नव्हतं, पण कारखान्यात परदेशातनं यंत्रं यायची, ती लाकडी खोक्यांत. यंत्र निघालं की खोकी हमालांना जळणाला मिळायची. पांढरं गुळगुळीत लाकूड, वास असा गोड की चुलीत घालायचं जिवावर यायचं. आत भाताच्या पेंढ्यासारखं बारीक गवत, आणि एक चंदेरी कागद. तो हातात घेतला की आपण सावकार झाल्यासारखं वाटायचं.

मी दोन मोठी खोकी एकावर एक ठेवून कपाट केलं. पुढं दारं लावली, मागची बाजू लावायला फळ्या पुरल्या नाहीत. म्हटलं, मागं कोण बघतंय. दारांवर काळी इंग्रजी अक्षरं छापलेली होती, ती मुद्दाम दर्शनी बाजूला ठेवली. बसायला तिसरं खोकं, वर गोणपाट, गोणपाटाच्या आत ते गवत. त्यावर बसलं की टोचायचं, पण दिसायला गादी. डब्यांना चंदेरी कागद गुंडाळला, कपाटावर मांडले, झाली भांडी. गोण्या धुऊन, उसवून, जोडून एक पडदा केला आणि खोलीचे दोन भाग पाडले, म्हणजे आमच्या एका खोलीला आतली खोली आली.

आणि घड्याळ केलं. तेलाच्या डब्याचं गोल झाकण घासून लख्ख केलं, कारखान्यातल्या एका लिहिणाऱ्या माणसाकडनं त्यावर आकडे काढून घेतले, पत्र्याचे दोन काटे कापून खिळ्यानं ठोकले आणि भिंतीवर टांगलं. आई म्हणाली, "ह्ये चालत न्हाई."

मी म्हणालो, "आये, पळत पन न्हाई. जागेवर ऱ्हातंय, आजून काय पायजे?"

हे सगळं मी करत होतो तेव्हा बहीण मोठ्या भिंतीशी लागली होती. आमच्या गावाकडं सणाला बायका गेरू आणि चुन्यानं भिंती चितारायच्या. दाराच्या दोन्ही अंगाला वेल, कोनाड्याभोवती नक्षी. हिचा हात लहानपणापासनं त्यात चालायचा. तिनं आधी भिंत लिंपली, पांढरा चुना दिला, मग गेरू कालवला, चुलीवरचं काजळ धरलं, कपड्याची नीळ घेतली, हळद घेतली. बाभळीची काडी चावून चावून तिचा कुंचला केला. रोज घरकाम आटपून बसायची. सगळ्या सजावटीत तिचा खर्च सगळ्यात कमी. गेरूचा एक खडा मामानं दिला, बाकी घरातलंच.

मी म्हणालो, "कशाला जीव घालवतीस? वाण्याकडनं एक कॅलेंडर आणतो, लक्ष्मीचं."

"दादा, कॅलेंडर वरीस झालं की जुनं व्हतंय."

पहिल्या आठवड्यात वेल झाला. दुसऱ्यात पोपट आले. मग तिनं मधोमध एक विहीर काढली. विहिरीवर मोट, मोटेचे बैल, पाटातनं निळं पाणी भिंतीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेलेलं, आणि पाटाच्या कडेनं केळी. आमच्या गावात केळ कधी उगवली नव्हती, आणि आमची विहीर चैत्रातच कोरडी पडायची. आई एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि त्या निळ्या पाण्याकडं नुसती बघत बसली. भाकरी करपली. आई कधी भाकरी करपू देत नसे.

मला ती भिंत चांगली वाटत होती का? खरं सांगतो, मला घड्याळ जास्त चांगलं वाटत होतं.

पाहुणे आले ते दुपार कलल्यावर. मामा पुढं, मागं मुलाचा बाप, आत्या आणि मुलगा. मुलगा कपाटासमोर उभा राहिला. मान एकदा डावीकडं वाकडी केली, एकदा उजवीकडं, आणि हलकंच हसला. मला वाटलं कपाट आवडलं. नंतर कळलं, मी ती दारं उलटी बसवली होती आणि अक्षरं डोक्यावर उभी होती. त्याला थोडं इंग्रजी वाचता यायचं. पण तो बोलला नाही. माझी लाज राखणारा त्या दिवशी तो पहिला माणूस.

बाप खोक्यावर बसला, टोचलं तसा जरा हलला, आणि भिंतीकडं बघून म्हणाला, "घड्याळ बंद हाय का?"

मी म्हणालो, "दमलंय पाव्हणं. आमच्यात कामाला कुणी दमत न्हाई, म्हनून त्येनं ती जबाबदारी घेतलीया."

सगळे हसले. माझी भूक भागली. आणि मी सुटलो.

आत्या हसली नाही. ती भिंतीशी गेली होती. डोक्यावरचा पदर सावरून विहिरीपासनं पाटाच्या कडेनं चालत गेल्यासारखी ती बाई त्या चित्राच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग मागं वळून म्हणाली, "कुनी काढलं हो ह्ये?"

पडद्याच्या मागं बहीण पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. पडद्याखालनं तिचे पाय दिसत होते. आईनं तोंड उघडलं. पण आईच्या आधी माझं तोंड उघडं होतंच, ते मिटलेलं कधी असायचं?

माझ्या डोक्यात आलं, बहिणीनं काढलं म्हटलं तर हे म्हणतील, परवडत नाही म्हणून घरच्या घरी रंगवलंय. मोठ्या माणसांकडं रंगवायला माणूस येतो.

मी म्हणालो, "पुण्यास्नं चितारी आणला हुता. पंधरा दिस राबला. लय नखऱ्याचा माणूस, दोन टायमाला च्या लागायचा."

आई माझ्याकडं बघतच राहिली. पडद्याखालचे पाय तसेच होते, जराही हलले नाहीत.

"चितारी व्हय," आत्या म्हणाली. "माझ्या आईच्या हाताला असं वळण हुतं. मला वाटलं पोरीनंच काढलंय. आता कुठं येतंय कुनाला." आणि ती भिंतीकडं पाठ करून येऊन बसली.

तेवढ्यावरच मी उठून खरं सांगितलं असतं तर? पण मी तर खूश होतो. थाप पचली होती.

बहीण बाहेर आली, पोहे दिले, वाकून नमस्कार केला. आत्यानं दोन प्रश्न विचारले, तिनं खाली बघून उत्तरं दिली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बापानं पोहे खाऊन हात धुतले आणि घसा साफ केला.

"आता बगा," तो म्हणाला, "आमी काय मागनारी मानसं न्हाई. तुमच्या मामाला विचारा. आमी तुमाला गरीब समजून आलो हुतो. पर तुमचं घर बगितलं. भिंतीवर घड्याळ हाय, तवा जावयाच्या मनगटाला एक घड्याळ काय जड न्हाई. कपाटावर भांडी हायेत. पुण्यास्नं चितारी आणता, तर आमच्या पोराला खडकीला जायला एक सायकल... तुमच्या दाराला शोभंल अशी."

मामानं माझ्या पायावर पाय दिला. मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला—" तर बाप म्हणाला, "तू गप ऱ्हा." आईच्या तोंडावरचा रंग उडाला. आमच्याकडं घड्याळ आणि सायकल सोडा, त्या पोह्यांतले शेंगदाणेसुद्धा घरमालकाकडनं आणलेले.

मी आयुष्यात जेव्हा जेव्हा घाबरलोय तेव्हा तेव्हा विनोद केलाय. दुसरं मला काही येतच नाही. मी उठलो आणि म्हणालो, "पाव्हणं, सायकल कशाला, ही आमची सगळी इस्टेटच घिऊन जावा." आणि धाडकन कपाटाची दारं उघडली. आत काही नव्हतं. मागची फळीही नव्हती, सरळ मातीची भिंत. मग एका डब्याचा चंदेरी कागद ओढला, आतनं गंजका पत्रा. घड्याळ काढून बापाच्या हातात दिलं, "ह्ये घ्या, मनगटाला बांधा, जरा मोठं व्हईल." त्याच्या बुडाखालच्या गोणपाटातनं मूठभर गवत उपसलं, "ही आमची गादी, बैल लय खूश असतोय हिच्यावर."

सगळे हसले. मामा हसला, मुलगा हसला, बाप तर पोट धरून हसला. मला वाटलं, सुटलो. आता तो म्हणेल, जाऊ द्या, मुलगी आणि नारळ.

पण हसता हसता बापाच्या लक्षात आलं की ज्याला हसतोय त्यात आपणही आहोत. हातातलं झाकण त्यानं उलटून बघितलं. त्याचं हसू असं गेलं, जसं कुणी पुसून घ्यावं.

"म्हंजे आमाला येडं समजला तुमी."

"न्हाई पाव्हणं, गंमत—"

"घरात आल्यापास्नं खोटं. बसायचं खोटं, घड्याळ खोटं. पोरगी तरी तुमचीच हाय का तीपन कुठनं आणलीय?"

आई रडायला लागली. तेव्हा मला एकदम आठवलं की या खोलीत एक गोष्ट खरी आहे. मी म्हणालो, "पर ही भिंत खरी हाय! आत्याबाई, ही माझ्या बहिणीनं काढलीया. आईची आण."

आत्या म्हणाली, "मगा तर चितारी म्हनला."

"त्ये खोटं हुतं."

"आन् आता?"

"आता खरं."

"तुमचं खरं कसं वळखायचं वो?"

 

आत्या वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. ती उठली, माझ्या बहिणीजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. कोनाड्यात गेरूची वाटी होती, त्यात काडी तशीच होती. ती वाटी तिनं बहिणीपुढं धरली आणि म्हणाली, "पोरी, एक पान काढून दाखीव. एकच. मला दुसरं काय बी नको. सायकल नको, घड्याळ नको. माझ्या भावाला मी समजावते."

सगळं त्या एका पानावर येऊन थांबलं. मी मनात म्हणत होतो, काढ बाई, काढ. तिला डोळे मिटून पान काढता यायचं.

बहिणीनं आधी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण बाजारात एखाद्या अनोळखी माणसाकडं बघतो ना, हा कोण म्हणून, तसं. मग ती खाली बघून म्हणाली, "मला न्हाई येत. चिताऱ्यानंच काढलंय."

आत्यानं वाटी परत कोनाड्यात ठेवली.  मुलगा बहिणीच्या हातांकडं बघत होता. तिनं ताटली छातीशी धरली होती, आणि तिच्या दहाच्या दहा नखांत गेरू होता. त्यानं ते बघितलं, आणि त्यानं बघितलं हे मी बघितलं. त्यानं तोंड उघडलंही. पण बाप दारात उभा राहून "चला" म्हणाला, आणि तो गेला. त्याच्या जागी मी असतो तर नक्की बोललो असतो, काहीतरी वाईटच.

आई मला दोन दिवस बोलली. शिव्या देऊन दमली की पाणी प्यायची आणि परत सुरू. ते बरं होतं. बहीण काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावरनं आलो तर भिंत पांढरी होती. वेल, पोपट, विहीर, केळी, सगळ्यावर तिनं चुना दिला होता. एक हात देऊन भागलं नव्हतं म्हणून दुसरा हात दिला होता. मी विचारलं, "ह्ये गं काय?" तर म्हणाली, "दादा, हात धू, जेवायला वाढते."

मामा परत आमच्याकडं स्थळ घेऊन आला नाही. दीड वर्षानं चाकणकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न झालं. वयानं मोठा, पहिलीची दोन मुलं. तो बघायला आला तेव्हा आई म्हणाली, "तू घरात ऱ्हायचं न्हाई." म्हणून मी गोठ्यात बैलाशेजारी उभा राहून भोकातनं बघितलं. त्या माणसानं भिंतीकडं बघितलंच नाही, आणि बघण्यासारखं काही नव्हतंही. त्यानं विचारलं, "कांदा निवडता येतो का?" बहीण म्हणाली, "येतो."

माणूस मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. एवढं मी आईला सांगायचो आणि आई म्हणायची, "आन् काय?" त्या "आन् काय"पुढं मला कधी काही सापडलं नाही.

लग्नानंतर एकदा उन्हाळ्यात मी तिच्या घरी गेलो. पिशवीत चुन्याची पुडी, गेरूचे दोन खडे आणि नीळ नेली होती. घर चांगलं मोठं होतं, आमच्या खोलीच्या चौपट. भिंती मात्र कोऱ्या, मातीच्या, त्यांच्यावर साधं कुंकवाचं बोटसुद्धा नाही. ती पडवीत कांद्याच्या ढिगापुढं बसली होती. मी पिशवी उघडून दाखवली. म्हणालो, "ह्ये बघ, तुला आणलंय. दारापाशी एक वेल काढ की."

तिनं गेरूचा खडा हातात घेतला, वास घेतला आणि परत पिशवीत ठेवला. "कोन येनार हाय बघायला?"

मी म्हणालो, "मी हाय की."

ती हसली. मी आयुष्यभर लोकांना हसवलं, पण ते हसू माझ्या विनोदाला नव्हतं.

मग माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, त्या दिशी एक पान का न्हाई काढलंस? एका पानाचं तर काम हुतं. मी मूर्ख हाय, मला मार, पर तुझं तर भलं झालं असतं."

तिनं एक नासका कांदा पलीकडं टाकला.  मग म्हणाली, "तू चितारी म्हनलास नव्हं, तवाच मी आत वाळल्या पोह्यागत झाले, दादा. मला वाटलं, माझ्या भावाला लाज वाटतीया माझ्या हाताची. मग ती बाई वाटी घिऊन आली. कशानं काढू?"

मी म्हणालो, "लाज न्हवती गं. मला वाटलं—" आणि पुढं काय वाटलं होतं ते मला सांगता येईना. एवढा बोलका माणूस मी.

तिच्या सवतीची धाकटी मुलगी पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो. मग काही सुचेना म्हणून ढिगापाशी बसलो आणि कांदे निवडायला लागलो. चांगले एका बाजूला, नासके दुसऱ्या बाजूला. मला वरनं सगळे सारखेच दिसत होते. ती एकेक कांदा बोटानं नुसता दाबून बघायची आणि तिला कळायचं.  मी चांगल्यांत टाकलेले नासके कांदे ती हळूच उचलून पलीकडं टाकत होती, आणि मला एका शब्दानंही बोलत नव्हती.